हमी घेणारा माणूस

कुंभकोणमच्या एखाद्या गलाईच्या दुकानात सोळा-सतरा वर्षांचं मराठी पोर चोरीत सापडलं की पुढं काय होतं, हे मला आता तोंडपाठ झालंय. पोलीस त्याला २४ तासांच्या आत तंजावरला बाल न्याय मंडळासमोर हजर करतात. पोराला तमिळ येते ती भट्टी, पाणी, जेवण एवढ्यापुरती. मंडळावरच्या कुणाला मराठी येत नाही. बाप हजारेक किलोमीटरवर, हंगाम असला तर उसाच्या फडात, आणि फोन बंद. मग कुणीतरी म्हणतं, त्या गलाईवाल्या शेठना बोलवा, ते बोलतील पोराशी. ते शेठ म्हणजे मी.

मी विट्याकडचा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, पलीकडं माण-खटाव, या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली. सोनारशाळेतला केर, पॉलिशची घाण, मोडीचे दागिने आमच्याकडं येतात. सोन्यात तिप्पट चांदी मिसळून मुशीत वितळवायची, तेजाबात उकळायची. चांदी विरघळते, तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी राहते. ती धुऊन पुन्हा वितळवली की लगड. तंजावर जिल्ह्यात सोनार पुष्कळ, त्यामुळं आमची दुकानंही बरीच. वडिलांच्या मागं मी इथं आलो, तमिळ शिकलो, मुलं इथल्याच शाळेत शिकली.

मला पहिल्यांदा बोलावलं त्याला कारण झाले एक निवृत्त शिक्षक. तंजावरात मराठी माणसांना तोटा नाही. व्यंकोजीराजांच्या मागून आलेली घराणी साडेतीनशे वर्षं तिथं नांदताहेत, घरात मराठीच बोलतात. त्यांतल्या एका गुरुजींना मंडळानं दुभाषा म्हणून बोलावलं होतं. गुरुजींनी त्यांच्या मराठीत चार प्रश्न विचारले. आटपाडीकडचं पोर त्यांच्या तोंडाकडं बघत बसलं. पोर घडाघडा बोलायला लागल्यावर गुरुजींची तीच गत. शेवटी त्यांनीच सुचवलं की, हे काम कुठल्या तरी गलाईवाल्याचं आहे. पुढं ते माझे चांगले स्नेही झाले. कागदपत्रांचं मराठी तपासून द्यायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं.

इथं एक सांगून ठेवतो. अशा मुलांची ओळख पटेल असं काही छापायला बाल न्याय कायद्यानं बंदी आहे, कलम ७४. म्हणून पुढं जी मुलं येतील त्यांची गावं, वयं, दुकानं मी एकमेकांत मिसळली आहेत. घडलेलं मात्र तसंच आहे.

मंडळ म्हणजे कोर्ट असणार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात साधी खोली, एक टेबल, एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही, पोलीस साध्या कपड्यात. त्या पहिल्या पोरानं दुसऱ्याच्या दुकानातून चांदीचा तुकडा लंपास केला होता आणि बसस्टँडवर पकडला गेला होता. परिविक्षा अधिकारी मॅडमना त्याचा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा होता. त्या विचारत होत्या, मी मराठीत सांगत होतो. घरात कोण कोण? शाळा कितवीत सोडली? का सोडली? कुणी मारतं का? पोर 'न्हाई' आणि 'व्हय' यापलीकडं जाईना. मॅडमनी वही बंद केली आणि मला म्हणाल्या, त्याला हात पुढं करायला सांगा.

बोटांची टोकं पिवळीजर्द होती. तेजाब कातडीला लागलं की असा डाग पडतो, साबणानं जात नाही, कातडी निघेल तेव्हाच जातो. आमच्या धंद्यात ते इतकं नेहमीचं की मला दिसलंही नव्हतं. मॅडमनी विचारलं, याला हातमोजे देत नाहीत का? मी ते भाषांतर केलंच नाही, कारण प्रश्न पोराला नव्हता. त्या दिवशी चौकशीचं तोंड फिरलं. पोरानं चांदी का उचलली याबरोबर त्याला भट्टीपाशी कुणी उभं केलं, हेही विचारलं जायला लागलं. तक्रारदार दुकानदार आमच्यातलाच. तो बाहेर येऊन माझ्यावर उखडला, "तुम्ही कुणाच्या बाजूचे?" १४ ते १८ वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही, हे २०१६ च्या दुरुस्तीनं बालकामगार कायद्यात आलं. तेजाबाचं काम धोक्याचं की नाही, यावर आमच्या पेठेत अजून वाद घालणारे आहेत. त्यांनी एकदा तो तांबूस धूर नाकात घेऊन वाद घालावा. त्यानंतर आधार कार्ड बघितल्याशिवाय मी कुणाला भट्टीजवळ येऊ देत नाही.

दुभाषा झालो, तिथंच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. अडचण पुढं होती. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ९५ वं कलम आहे: मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं, दुसऱ्या राज्यातलं असेल तर त्याच्या गावाकडच्या मंडळाशी विचारविनिमय करून त्याला तिकडं सोपवता येतं. पण गुन्ह्यात सापडलेल्या मुलाच्या बाबतीत हे चौकशी पुरी होऊन शेवटचा आदेश झाल्यावरच. चौकशीला मुदत चार महिने, वाढवून सहा. एवढे दिवस पोरानं राहायचं कुठं? जामीन मिळतो, कायदा त्याच्या बाजूचा आहे. पण सोडायचं कुणाच्या ताब्यात? स्थानिक मुलाची आई संध्याकाळपर्यंत येऊन त्याला घेऊन जाते. आमच्या मुलाची आई बंगळूर कुठल्या दिशेला आहे तेही सांगू शकत नाही. मग पोर निरीक्षणगृहात राहतं. त्याच्यासारखंच किंवा त्याहून कमी-जास्त केलेली बाकीची पोरं घरी गेलेली असतात, हे एवढ्याचसाठी मागं उरलेलं असतं की त्याचं घर लांब आहे.

मॅडमनी एकदा सरळ विचारलं, "तुम्ही घ्याल का हमी?" मी बायकोला विचारून सांगतो म्हणालो. बायको म्हणाली, जेवायला एक ताट वाढलं, पण रात्री दुकानाची किल्ली कुठं ठेवणार ते आधी ठरवा. व्यवहारी प्रश्न होता. किल्ली तिनं स्वतःकडं ठेवली आणि मी सही केली.

हमी घेतली म्हणजे काय, तर ठरल्या तारखेला पोराला तंजावरला न्यायचं, चाळीसेक किलोमीटर, बसनं. ते कुठं जातं, कुणाबरोबर बसतं, याची उत्तरं द्यायची. जिल्ह्याबाहेर न्यायचं तर मंडळाला विचारायचं. आणि मुख्य म्हणजे दिवसभर त्याला काहीतरी काम किंवा अभ्यास असला पाहिजे, नाहीतर सोळा वर्षांचं पोर परक्या गावात मोबाइल घेऊन पडून राहतं. पेठेत कुजबूज सुरू झाली. सोन्याच्या धंद्यात माणूस विश्वासावर उभा असतो, आणि मी चोर म्हणून पकडलेलं पोर घरात ठेवलेलं. एका सोनारानं माल पाठवायचं थांबवलं. काही महिन्यांनी पुन्हा सुरू केलं. मी कारण विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

आमच्या चुलत्यांच्या वेळी असलं काही नव्हतं. पोरानं हात मारला तर शेठ त्याला बडवायचा, अंगावरचे पैसे काढून घ्यायचा आणि गाडीत बसवून द्यायचा. प्रकरण पोलिसात गेलंच तर मद्रासचा कायदा वेगळा, मुंबईचा वेगळा. मुलांसाठी वेगळा कायदा करण्यात मद्रास इलाखा देशात पहिला, १९२०. मुंबईचा १९२४ मधला. स्वातंत्र्यानंतरही राज्याराज्याचे कायदे आपापल्या वाटेनं चालले. १९८६ मध्ये शीला बारसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुचवलं की सगळ्या देशाला मिळून संसदेनं एकच कायदा करावा. त्याच वर्षी तो झाला, २००० मध्ये बदलला, २०१५ मध्ये पुन्हा. म्हणजे पुस्तक एक झालं. पण ते पुस्तक तंजावरात तमिळमध्ये वाचलं जातं आणि सांगलीत मराठीत. मधल्या हजार किलोमीटरची जबाबदारी दोघांपैकी एकाचीही नाही.

एका मुलाला घरी सोपवायचा आदेश झाला: वडिलांच्या देखरेखीखाली एक वर्ष परिविक्षा, दर महिन्याला गावाकडच्या परिविक्षा अधिकाऱ्यापुढं हजेरी. सोबत पोलीस द्यायचा, त्याचा प्रवासभत्ता आधी द्यायचा, असं कलमातच आहे. निघाले एक तरुण हवालदार, कावेरीच्या पलीकडं कधी कामाला न गेलेले. रात्रीच्या गाडीनं बंगळूर, तिथून मिरज, पुढं एस.टी. मी एका वहीच्या पानावर त्यांना तमिळ लिपीत मराठी वाक्यं लिहून दिली: विट्याची गाडी कुठं लागते, हा मुलगा माझ्याबरोबर आहे, जेवण शाकाहारी आहे का. बेड्या नाहीत, गणवेश नाही. बघणाऱ्याला वाटावं, मामा भाच्याला घेऊन चाललाय.

दुसऱ्या दिवशी मिरजेहून फोन. हवालदार वैतागलेले. स्टँडवर कुणी त्यांचं वाक्य समजून घेईना, आणि पोर तर गायब नाही, उलट तेच पुढं झालंय! पोरानंच तिकिटं काढली होती, पोरानंच हवालदारांना पोहे खाऊ घातले होते, आणि आता ते म्हणत होतं की, साहेब, तुम्ही इथून परत गेलात तरी चालंल, मी जातो की घरी. हवालदारांना क्षणभर मोह झाला असावा. मी म्हटलं, सही-शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका, नाहीतर पुढचं वर्षभर आपण दोघं ते पोर सोपवलं कसं हे सांगत बसू. त्यांनी सही-शिक्का आणला. शिवाय पोराच्या आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आणली, ती त्यांच्या बायकोला इतकी आवडली की पुढं गावाकडून कुणी आलं की त्यांचा निरोप ठरलेला.

त्या मुलाबरोबर गेलेला अहवाल मात्र तमिळमध्ये होता. आदेश इंग्रजीत, पण मॅडमनी घरादाराबद्दल, धाकट्या बहिणीबद्दल, बोटांबद्दल जे चार पानं मन लावून लिहिलं होतं ते तिकडं कुणाला वाचता येणार? गुरुजी आणि मी दोन संध्याकाळी बसून त्याचं मराठी केलं आणि टपालानं पाठवलं. तेव्हापासून मंडळानं मला न विचारता भाषांतरासाठी प्रत तयार ठेवायला सुरुवात केली. हे कुठल्याही नियमात नाही.

आता ज्या गोष्टीनं माझं मत घडवलं ती. एक मुलगा असाच गावी गेला. दोन महिने हजेरी लावली. मग त्याच्या मामानं त्याला केरळात एका दुकानावर लावून दिलं. वाईट हेतू नव्हता. घरी कर्ज होतं, पोर रिकामं होतं, आणि आमच्यात रिकाम्या पोराला दुकानावर पाठवतात, हीच रीत. तिकडच्या अधिकाऱ्यांच्या लेखी मुलगा बेपत्ता. त्यांच्याकडं त्या वेळी दोन तालुके आणि मोजता येणार नाहीत एवढी प्रकरणं. त्यांनी पत्र लिहिलं. ते वर गेलं, तिथून आडवं गेलं, पुन्हा खाली आलं. ऋतू बदलला. पत्र ज्या टेबलावर पोचलं त्या टेबलावरचा माणूस बदलून गेला होता.

हे मला कळलं तेव्हा मी संध्याकाळी दुकान बंद करून फोन लावायला बसलो. विटा, मग कोइमतूर, मग पालक्काड, मग त्रिशूर. रात्रीच्या जेवणाआधी पोर कुठल्या गल्लीत, कुठल्या दुकानात, कुणाच्या हाताखाली आहे, एवढंच नाही तर त्याला ताप आलाय, हेही कळलं. आमच्या माणसांचं जाळं असं आहे. मॅडमना सांगितलं तर त्या खूश व्हायच्या ऐवजी गप्प झाल्या. म्हणाल्या, सरकारला जे सहा महिन्यांत जमलं नाही ते तुम्ही एका संध्याकाळी केलंत. पण ज्या जाळ्यानं सापडला त्याच जाळ्यानं त्याला पुन्हा भट्टीवर नेऊन बसवला ना? यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. देखरेखीची सगळी रचना पोराला एक पत्ता आहे असं धरून चालते. आमच्या पोरांना पत्ता नसतो, नातेवाईक असतात.

मंडळावरचे एक सदस्य परदेशी व्यवस्थांचा अभ्यास केलेले. त्यांच्याकडून कळलं की अमेरिकेत राज्याराज्यांनी १९५५ पासून यासाठी आपसात करारच केलेला आहे. मूल ज्या राज्यात गुन्ह्यात सापडलं त्याचा अधिकार त्या राज्याकडंच राहतो, पण देखरेख घराकडचं राज्य करतं. दोन्हीकडं या कामासाठी नेमलेली कचेरी असते, ठरलेल्या मुदतीनं अहवाल जातो, पळून गेलेल्या मुलाला परत आणायचा खर्च आणि रीतही लिहिलेली असते. तिथंही सगळं सुरळीत असेल असं मी मानत नाही. पण निदान फोन कुणी उचलायचा हे तरी ठरलेलं आहे. आमच्याकडं ते माणसावर असतं. गावाकडच्या एका जिल्ह्यात एक अधिकारी होत्या, त्या रविवारी सुद्धा परत फोन करायच्या. त्यांच्या काळात गेलेलं एकही पोर हरवलं नाही. त्यांची बदली झाली आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून ओळखी काढायला लागलो.

घरी पाठवणं हेच दर वेळी हिताचं, असंही नाही. एका मुलाबद्दल गावाकडून अहवाल मागवला. तो यायला इतका वेळ लागला की सगळे वैतागले होते. पण आला तो नेमका आला. लिहिणाऱ्यानं घरात जाऊन, शेजाऱ्यांशी बोलून लिहिलं होतं: आई नाही, वडील दारूत, पोर घरातूनच पळून दुकानावर गेलेलं. मंडळानं त्याला इथंच ठेवलं. लांबच्या एका मावशीनं जबाबदारी घेतली, देखरेख तंजावरच्या मॅडमची. तो मोटार वायंडिंग शिकला. आता पंपांची कामं करतो आणि माझ्याशी तमिळमध्ये भांडतो. चांगला अहवाल उशिरा आला तरी चालतो, हे मी त्या वेळी शिकलो. पूर्वी मी पत्रांच्या तारखाच बघायचो.

उलट दिशेनंही एकदा काम पडलं. पापनाशमच्या बाजूचं एक पोर मुंबईत पकडलं गेलं, डोंगरीच्या निरीक्षणगृहात होतं. तिकडच्या समाजसेविकेनं कुठून तरी माझा नंबर मिळवला. पोराची आई शेतमजूर, कावेरीच्या भातशेतीत लावणी करणारी. मी मराठीतला निरोप तिला तमिळमध्ये सांगितला. तिनं विचारलं, तो तिथं भात खातो का? मग विचारलं, मला जायला लागेल का, आणि गेले तर मजुरी बुडेल ती कोण देईल? आमच्या आटपाडीच्या आईनं अगदी याच क्रमानं हेच दोन प्रश्न विचारले होते, भाताच्या जागी भाकरी एवढाच फरक. पोर शेवटी तंजावरला सोपवलं गेलं. त्याच्या परिविक्षेची मुदत संपेपर्यंत आई दर महिन्याला त्याला घेऊन यायची, आणि येताना माझ्या दुकानात पाच मिनिटं बसून जायची.

आणखी एक घोळ मुदत संपल्यानंतरचा. कायद्यानं अशा मुलावर पुढं कसलाही डाग राहत नाही. ठरल्या मुदतीनं नोंदीसुद्धा नष्ट करायच्या असतात. आमच्याकडच्या पोरांना फौजेत जायची ओढ भारी. एकजण भरतीच्या तयारीला लागला आणि चारित्र्य पडताळणीच्या वेळी गावातल्याच कुणीतरी सांगितलं, हा तिकडं मद्रासकडं आत होता म्हणून. 'आत' नव्हता, माझ्या माडीवर होता. मंडळाकडून कलम २४ चा हवाला असलेलं पत्र मिळवलं, त्याचं काम झालं. पण पत्र मिळवायला पुन्हा तोच रस्ता, तेच फोन. आणि गावात गप्पा मारणाऱ्याला कुठलं कलम दाखवणार?

अलीकडं विट्याकडची पोरं कमी येतात. घरोघरी शिकायला लागली आहेत, जी येतात ती वयानं मोठी. आता मंडळापुढं दिसतात ती बंगाल, बिहार, ओडिशाकडची. हॉटेलात, बांधकामावर, मिठाईच्या दुकानात कामाला आलेली. हिंदीवर बिहारच्या मुलाचं मी निभावून नेतो. गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला, नव्या मॅडमचा. जुन्या निवृत्त झाल्या. मेदिनीपूरकडचा मुलगा आहे, बंगालीशिवाय काही बोलत नाही, कुणी आहे का तुमच्या ओळखीत? माझ्या दुकानाला लागूनच बंगाली कारागिरांचं एक दुकान आहे, वीस वर्षं शेजार. त्यांच्यातल्या वयस्क कारागिराला मी सगळं समजावून सांगितलं: तंजावरला जायचं, मुलाशी बोलायचं, एवढंच. त्यानं हातातला चिमटा खाली ठेवून विचारलं, "फक्त बोलायचंच ना? पुढं सही मागणार नाहीत ना?"

मी म्हटलं, मागतील.